युसूफला विसरणारे आपण

काटोलहून नागपूरचा मध्यवर्ती तुरुंग साठेक किलोमीटरवर आहे. मुलाखतीच्या दिवशी पहाटेची एस.टी. धरणाऱ्या आमच्या मोहल्ल्यातल्या बाया मी पाहते. कुणी त्यांना काही विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी वडिलांविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सौदीला आहेत.’ खरे काय ते साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होते, मलाही होते. मी हजेरी पुढे नेली. माझ्या आणि आपल्या सर्वांच्या या गप्प राहण्याबद्दलच मला बोलायचे आहे.

हजरत युसूफ यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. निरपराध असून ते कैदेत गेले. तिथेही त्यांनी सोबत्यांना सत्य सांगितले, त्यांच्या स्वप्नांचा अर्थ उलगडला. सुटणाऱ्या सोबत्याला ते म्हणाले, तुझ्या मालकाजवळ माझा उल्लेख कर. तो बाहेर पडला आणि विसरला. युसूफ आणखी काही वर्षे आतच राहिले. वाझमध्ये युसूफच्या सब्राचे गोडवे गायले जातात. विसरणाऱ्याविषयी कुणी बोलत नाही. तो विसरणारा आपणच आहोत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिमांचा अभ्यास केला. २००१ च्या जनगणनेत राज्यात १०.६ टक्के असलेला आपला समाज तुरुंगांत मात्र जवळपास एक तृतीयांश होता. हा आकडा मांडून आपण शासनाला जाब विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण सभा संपल्यावर आपण काय करतो?

आतली माणसे मात्र हात बांधून बसलेली नाहीत. मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २००६ साली पकडलेले अब्दुल वाहिद शेख हे माझ्यासारखेच शिक्षक. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. कैदेत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले आणि बाहेर आल्यावर पुन्हा वर्गात उभे राहिले. त्याच खटल्यातील उरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्या निकालाला पायंडा मानण्यास स्थगिती दिली, पण त्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. त्यांच्यापैकी एकाला हा निकाल ऐकताच आला नाही. २०२१ मध्ये नागपूरच्या कैदेत असतानाच कोरोनाने त्याचा अंत झाला होता.

निर्दोष सुटलेल्याला आपण निदान हार तरी घालतो. माझा प्रश्न त्याहून अवघड माणसाविषयी आहे. ज्याने खरेच गुन्हा केला, शिक्षा भोगली, तौबा केली, आत राहून मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली, शिवणकाम किंवा सुतारकाम शिकला, त्याचे काय? तो परततो तेव्हा त्याला भाड्याची खोली मिळत नाही. संत्र्याच्या हंगामात पेट्या मोजायलाही कुणी बोलावत नाही. बहिणीचे स्थळ मोडते. मग जुने दोस्त येतात. त्यांचे दार मात्र उघडे असते. तो पुन्हा घसरला की आपण म्हणतो, ‘पाहिलंत, हे सुधारत नाहीत!’

‘मग गुन्हेगाराला डोक्यावर घ्यायचे का?’ असे कुणी विचारील. नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे दुःख आधी. पण न्यायालयाने दिलेली शिक्षा संपल्यावर मोहल्ल्याने दुसरी शिक्षा सुनवावी, हा अधिकार आपल्याला कोणी दिला? बदरच्या लढाईतील ज्या कैद्यांना लिहिता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे, हाच त्यांचा फिदिया ठरला, असे सीरतमध्ये येते. ज्यांनी तलवार उपसली होती, त्यांच्यापुढे मुले बसवली गेली. आपण साधा तराजूही हाती देत नाही!

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूस आहे. कैद्याचे घर बहुधा वकिलाच्या फीपायी कर्जातच असते. जमातीने त्या घराची नोंद ठेवावी. व्यापाऱ्यांनी वर्षाला एका माणसाला काम द्यावे. आम्ही शिक्षकांनी त्याचे परीक्षेचे अर्ज भरावेत, त्याच्या मुलांना शाळेत टिकवावे.

आणि मी? उद्या हजेरी घेताना त्या मुलाजवळ थांबणार आहे. बाप परत येणार आहे, हे त्याला सौदीचे नाव न घेता सांगता आले पाहिजे.