दहावीच्या वर्गातला ‘सैराट’

सोयाबीन काढायची घाई असेल. मळणीयंत्राची वाट बघत बांधावर बसला असाल तर तेवढ्या वेळात हे वाचून घ्या. घरात आठवी ते दहावीचं लेकरू असेल तर कारभारणीलाही वाचून दाखवा.

जिंतूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात माझे एक जुने स्नेही शिकवतात. गाव आणि नाव मुद्दामच सांगत नाही. पोळा झाल्यावर त्यांनी दहावीच्या वर्गाला ‘सैराट’ दाखवायचं ठरवलं. ही बातमी गावात फिरायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस बापे जमा. एकानं सरळच विचारलं, “सर, आम्ही लेकरं शिकायला धाडली का पळून जायला? कामून असलं दाखवायलेत?”

त्या बापाला मी नावं ठेवणार नाही. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा आला. त्या उन्हाळ्यात एक वरात त्याच्या गाण्याशिवाय निघाली नाही. “पोरं बिघडवली या सिनेमानं” असं पारावर बसून म्हणणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मी फक्त गाणी ऐकली होती. सबंध सिनेमा बघितला आणि बोलणं बंद झालं.

सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, “आधी तुम्ही बघा, मग ठरवू.” रविवारी शाळेच्या पडद्यावर आईबापांनाच सिनेमा दाखवला. पाटलाची आर्ची बुलेटवर येते, ट्रॅक्टर चालवते, तिथं मंडळी हसली. मासे धरणाऱ्याच्या घरचा परश्या तिच्यामागे वेडा होतो, तिथं कुजबुज झाली. शेवटी माहेरचं सामान घेऊन आर्चीचा भाऊ दारात येतो. पुढं काय होतं ते दाखवतच नाहीत. शेजारणीबरोबर गेलेलं त्यांचं लहान लेकरू परत येतं, घरात जातं आणि रडत बाहेर निघतं, तेव्हा त्याची पावलं रक्तानं उमटलेली असतात. पडद्यावर आवाज नाही आणि त्या खोलीतही नव्हता. ओट्यावर सगळ्यांत मोठ्यानं बोललेला गडी उपरण्यानं तोंड पुसत उठला आणि म्हणाला, “दाखवा.”

हाच सिनेमा २०१६ च्या फेब्रुवारीत जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला होता, आणि तोही चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी असलेल्या विभागात. आपण ज्या वयाला ‘अजून लहान आहे’ म्हणतो, तेच वय. आणि आर्ची झालेली अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा स्वतः शाळकरी पोरगीच होती.

वर्गात सरांनी तो तीन दिवसांत दाखवला. पहिला दिवस गाण्यांचा. पोरांनी शिट्ट्या मारल्या, सरांनी मारू दिल्या. दुसऱ्या दिवशी दोघं हैदराबादला पोचतात आणि झोपडपट्टीतल्या खोलीत राहतात, तिथं सरांनी सिनेमा थांबवून वही काढायला लावली. तो डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात जाते. खोलीचं भाडं, पीठमीठ, गॅस, दवाखाना, सगळ्याचा महिन्याचा हिशेब मांडा म्हणाले. वाड्यात वाढलेल्या पोरीला परमुलखात भाषा येत नाही, घरकामाची सवय नाही. हिशेब कुणाचाच जुळला नाही. मला विचाराल तर गणिताच्या तासाला एवढं मन लावून बसलेला वर्ग मी क्वचितच बघितलाय.

पुढं परश्या संशय घेऊन आर्चीवर हात उचलतो. इथं एक पोरगा म्हणाला, “प्रेम होतं म्हणून मारलं.” मागच्या बाकावरून एक पोरगी ताडकन उठली, “मग माझा बाप बी आईवर लई प्रेम करतो म्हणायचं.” सरांना पुढं काही समजावावं लागलं नाही. ही गोष्ट सरांनी मला सांगितली तेव्हा मलाच खाली बघावं लागलं.

कायदाही त्यांनी सांगितला, आणि तो तुम्हीही ऐकून ठेवा. पोरगी अठराच्या आतली असेल तर तिची मर्जी कायदा धरत नाही. पळवणारा पोरगा २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अडकतो. पण दुसरी बाजूही आहे. अठराच्या आत पोरीचं, एकवीसच्या आत पोराचं लग्न लावलं तर २००६ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तो आईबापाला होतो, मध्यस्थाला होतो, अक्षता टाकायला लावणाऱ्यालाही होतो.

आता मुद्द्यावर येतो. पोरगी पळेल या धास्तीनं आपण काय करतो? शाळा सोडवतो आणि उजवून टाकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९-२१ मध्ये. तीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांमागे अठ्ठेचाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सबंध महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात बावीसच्या आसपास. जनाबाईच्या गंगाखेडचा आपला जिल्हा, आणि आकडा हा असा. पळून गेलेल्या पोरी पारावर मोजल्या जातात, या अठ्ठेचाळीस कुणी मोजत नाही.

तिसऱ्या दिवशी सिनेमा संपल्यावर सरांनी बिननावाच्या चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता : आर्चीनं आईला फोन केला नसता तर? एका चिठ्ठीत मात्र सिनेमाचं काहीच नव्हतं. ‘सर, माझं दिवाळीनंतर ठरलंय. मला पंधरावं चालू आहे.’

सरांनी ती वर्गात वाचली नाही. अक्षर ओळखलं आणि संध्याकाळी घरी गेले, शाळेतल्या बाईंना सोबत घेऊन. बाप ऊसतोडीचा. तो म्हणाला, “दिवाळी झाली की टोळी निघते, सर. तरणी पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू? फडावर न्यावी तर तिथली तऱ्हा तुम्हाला ठावं नाही.” खोटं काय होतं त्यात? सरांनी कायदा काढला नाही. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, हे त्यांना माहीत होतं. पण ते शेवटचं हत्यार. आधी वसतिगृहाचं बोलले. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी शासनानं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं काढली आहेत, तिथं जागा मिळते का बघू म्हणाले. नाहीतर आजी गावात आहे, आणि बाई रोज संध्याकाळी चक्कर टाकतील. आई चुलीपुढून उठली नाही, पण म्हणाली, “माझं बी पंधराव्यातच झालं होतं.” एवढंच. ती कुणाच्या बाजूनं बोलली, हे सरांना अजून कळलेलं नाही.

बापानं “बघू” म्हटलंय. दिवाळीला अजून अवकाश आहे. पोरगी शाळेत येते, तिचा दहावीचा परीक्षेचा अर्ज सरांनी स्वतः बसून भरून घेतला, आणि दर शनिवारी ते त्या घरी चहाला जातात.