आठ बटणांतली अक्षरे



आजचा विषय बोटांचा आहे. हल्ली तुमच्या हातातल्या काचेच्या फोनवर हवी ती भाषा उमटते. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खिशातल्या फोनला बटणे असत, आणि तीही मोजून बारा. त्यातले एक शून्याचे, एक चांदणीचे, एक जाळीचे. एकच्या बटणावर टिंब आणि प्रश्नचिन्ह. उरली आठ. त्या आठ बटणांवर इंग्रजीची सव्वीस अक्षरे वाटून दिलेली होती. दोनवर ए, बी, सी. तीनवर डी, ई, एफ. असे करत नऊवर डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. दोनचे बटण एकदा दाबले की ए, दोनदा दाबले की बी, तीनदा दाबले की सी. तरुण मुले टेबलाखाली हात ठेवून न बघता लिहीत. आमच्या वयाची मंडळी एकेक अक्षर शोधत बसत, आणि अक्षर सापडेपर्यंत काय लिहायचे होते तेच विसरत!

जगातला पहिला असा संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत ही टकटक साऱ्या जगात पोचली. तिच्यापायी सौदी अरेबियातल्या मुलामुलींनी एक युक्ती उचलली. ती युक्ती आपल्या मराठीच्या कामाची आहे, म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, सौदीशी आपला काय संबंध? संबंध कोकणातून आहे. म्हसळे, श्रीवर्धन, मुरूड, महाड या भागातले आपले मुसलमान शेजारी, १९७० नंतर तेलाच्या पैशावर तिकडे कामे निघाली तेव्हा जेद्दाह, रियाध, दम्मामला गेले. आपण त्याच किनाऱ्यावरून इस्राएलला आलो. शाळेत आमच्या बाकावर बसणारी एक मैत्रीण अशीच नर्स होऊन जेद्दाहला गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. पुढे मुंबईत भेट झाली तेव्हा ती म्हणाली, "अगं, आमच्या वॉर्डातल्या तिथल्या पोरी शब्दांच्या मधे आकडे लिहितात, आणि समोरची ते घडाघडा वाचते!"

आकडे कशाला? ते असे.

मोबाईलला सौदीत जव्वाल म्हणतात, म्हणजे भटका. आपण इस्राएलमध्ये पेलेफोन म्हणतो, म्हणजे नवलाचा फोन. भटक्याच्या बटणांवर अरबी अक्षरेही छापलेली असत. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून पहिले अक्षर अलिफ तीनच्या बटणावर. आपल्या हिब्रू फोनवर आलेफसुद्धा तीनवरच असे, आठवते ना? पण अरबीत अठ्ठावीस अक्षरे, शिवाय हम्झा वगैरे वेगळे. आठच्या एका बटणावर फ, क़ाफ, क, ल, म अशी पाच अक्षरे बसवलेली. 'म' हवा तर पाच वेळा टकटक. 'सलाम' हा चार अक्षरांचा शब्द अरबीत लिहायला अकरा वेळा बटण दाबावे लागे. इंग्रजी अक्षरांत तोच शब्द दहा वेळा दाबून होई. म्हणजे बोटांचे श्रम जवळजवळ सारखेच!

मग मुले इंग्रजी अक्षरांकडे का वळली? एक कारण असे की बाहेरून आलेल्या कितीतरी फोनांवर आणि कॉम्प्युटरांवर अरबी नसेच. सौदीत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १९९९ साली सुरू झाले, आणि गप्पा मारायच्या तर इंग्रजी अक्षरांवाचून सोय नव्हती. दुसरे कारण जागेचे. आपले निळे एरोग्राम आठवा. कागद ठरलेला, वर काही जोडले तर पोस्ट हरकत घेणार. फोनवरचा संदेशही तसाच, त्याचे माप ठरलेले. इंग्रजी अक्षरे हलकी, ती त्यात १६० मावत. अरबी, हिब्रू किंवा देवनागरी अक्षर त्यात आले की साऱ्या संदेशाचे माप बदले आणि ७० अक्षरांतच जागा भरे. एकाहत्तरावे अक्षर लिहिले की दुसऱ्या संदेशाचे पैसे. आपल्या मराठीत तर मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात. 'मुंबई' शब्दाची जागा पाच: म, उकार, अनुस्वार, ब, ई. म्हणजे स्वस्तात लिहायचे तर इंग्रजी अक्षरे बरी, हा हिशेब रियाधच्या मुलालाही कळला आणि पनवेलच्या मुलालाही.

पण इथेच फरक पडला. इंग्रजी अक्षरांत अरबी लिहायला घेतल्यावर काही आवाज उरलेच नाहीत. घशातून काढायचा 'ऐन' इंग्रजीत नाही. छातीतून सोडायचा 'हा' इंग्रजीत नाही. दोन्ही अक्षरे आपल्या हिब्रूत आहेत: आयिन आणि हेत. हे आवाज गाळले तर काय होते ते एका उदाहरणात पाहा. अरबीत 'अलम' म्हणजे वेदना, आणि ऐनने सुरू होणारा 'अलम' म्हणजे झेंडा. इंग्रजी अक्षरांत दोन्ही एकसारखे. पेशंट कळवतोय की वेदना आहे, आणि आपण वाचतोय झेंडा! हिब्रूतही आलेफने 'ओर' म्हणजे उजेड आणि आयिनने 'ओर' म्हणजे कातडी. आता दोन्ही बहुतेकांच्या तोंडी सारखेच येतात, तरी लिहिताना फरक राहतो म्हणून अडत नाही.

अरब मुलांनी हे आवाज गाळले नाहीत. त्यांनी बटणावरचे आकडे कामाला लावले. छोट्या दोस्तांनो, इंग्रजी तीनचा आकडा कागदावर काढा आणि आरशासमोर धरा. दिसले? ते अरबी ऐन अक्षर झाले. म्हणून इंग्रजी तीन म्हणजे ऐन. इंग्रजी सातचा आकार त्या छातीतल्या 'हा'सारखा, म्हणून सात म्हणजे हा. दोन म्हणजे हम्झा. आखाती देशांत नऊ म्हणजे जाड 'साद'. अरबीत ऐनवर एक टिंब दिले की 'ग़ैन' होतो, म्हणून मुले तीनच्या पुढे वर एक छोटी खूण देत आणि ग़ैन करत. आमच्या मैत्रिणीने शिकलेले वॉर्डातले शब्द असे: 'वजअ' म्हणजे दुखणे, त्याच्या शेवटी तीन. 'हरारा' म्हणजे ताप, त्याच्या सुरुवातीला सात. 'दवाअ' म्हणजे औषध, म्हणजे आपली दवाच, तिच्या शेवटी दोन. आणि डोळा? हिब्रूत 'आयिन', अरबीत 'ऐन'. लिहायचा तर आधी तीन.

ही युक्ती एकट्या सौदीची नव्हे, साऱ्या अरब देशांत ती चालली. अरबी आणि इंग्लीझी मिळून तिला 'अरबीझी' नाव पडले. दुबईच्या झायेद विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २००३ साली विद्यार्थिनींच्या अशा लिखाणाचा अभ्यास छापला. त्यात दिसले की मुली घरात बोलतात तीच आखाती बोली अशी लिहीत होत्या. शाळेत लिहायची अरबी वेगळी आणि घरची वेगळी. घरच्या बोलीला कागदावर कोणी विचारत नव्हते, ती या बटणांवर आली.

आपल्या लोकांना ही युक्ती नवी नाही. मुंबईच्या बगदादी यहुद्यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू अक्षरांत अरबी वर्तमानपत्र छापले. हिब्रूत जे अरबी आवाज नव्हते त्यांच्यासाठी जवळच्या हिब्रू अक्षरावर टिंब देत. रामबाम यांनी आपला मोठा ग्रंथ असाच हिब्रू अक्षरांतल्या अरबीत लिहिला. लिपी उसनी घेतली, तरी आवाज सोडले नाहीत.

आणि आपण मराठी माणसांनी काय केले? इंग्रजी अक्षरे घेतली, आणि ट-त, ड-द, ण-न, ळ-ल सगळे एका टोपलीत टाकले. 'काल पोटात कळ आली' हे वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा. काल आणि कळ दोन्हींचे स्पेलिंग एकच! 'डावा' आणि 'दवा' एक. 'दात' आणि 'दाट' एक. आम्ही परिचारिका, आम्हाला डावे-उजवे आणि आज-काल नीट कळलेच पाहिजे.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी नातीला फोनवरून लिहिले, एम-ए-एन, आणि पुढे दुखते. नातीने वाचले, 'मन दुखते'. तिला वाटले, मागच्या शब्बाथला आपण गेलो नाही म्हणून आजी रुसली. बिचारी पुढच्या शुक्रवारी फुले घेऊन आली. मावशींना मात्र मान वळवून फुले बघता येईनात! आठवडाभर मान आखडलेली, आणि औषध नाही की डॉक्टर नाही. हसू येते खरे. पण मानेबरोबर ताप असता तर ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

त्या जुन्या फोनांत 'टी-नाइन' नावाची शब्द ओळखणारी सोयही होती. अमेरिकेतल्या टेजिक नावाच्या कंपनीने ती १९९० च्या दशकात काढली. प्रत्येक बटण एकदाच दाबायचे आणि फोनने आपल्या कोशातून शब्द ओळखायचा. चार-सहा-सहा-तीन दाबले की 'गुड' किंवा 'होम'. पण त्या कोशात आपले इंग्रजी अक्षरांतले मराठी कुठून असणार? दोन-दोन-चार दाबून 'आई' लिहावे, तर त्याच बटणांवर इंग्रजी 'बॅग' बसतो. आईची पिशवी झाली! म्हणून मराठी लिहिणारे ती सोय बंद करून पुन्हा टकटक करत.

सौदीत अरबीझीवर टीका खूप झाली. भाषा बिघडते, मुले कुराणाची अक्षरे विसरतील, असे विद्वान म्हणत. त्यांची काळजी खोटी नव्हती. तिथल्या सरकारने २०२० साली अरबी भाषेसाठी राजे सलमान यांच्या नावाची अकादमीही काढली. पण आमच्या मते त्या मुलांनी भाषा बिघडवली नाही. यंत्रात जागा नव्हती तेव्हा त्यांनी आकड्यांना अक्षर बनवून आपला उच्चार सांभाळला. पुढे २००९ साली आयफोनवर अरबी आणि हिब्रू कीबोर्ड आले, मग इतर फोनांवरही आले, आणि ज्यांना हवे ते आपल्या लिपीत लिहू लागले.

आता आपल्याकडेही सबब उरलेली नाही. आजच्या फोनवर देवनागरी आहे, बोलून लिहायची सोय आहे, आवाजाचा निरोपही पाठवता येतो. १६० आणि ७० चा हिशेब व्हॉट्सॲपवर कोणी विचारत नाही. तरी आपण सवयीने इंग्रजी अक्षरे बडवतो, आणि नातवंडे ती वाचून 'बाल' म्हणतात, 'बाळ' म्हणत नाहीत. त्यांचा दोष काय? आपण त्यांना ळ लिहून दाखवला कुठे?

म्हणून आमची विनंती अशी. ज्यांना देवनागरी येते त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड लावून घ्यावा. जमत नसेल तर नातवाला सांगावे, तो दोन मिनिटांत लावून देईल. ज्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही त्यांना हिब्रू अक्षरांत लिहावे म्हटले तर ळ आणि ण तिथेही नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजी अक्षरे वापरा, पण नेमाने. अविनाश चोपडे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'आयट्रान्स' नावाची पद्धत केली. तिच्यात मोठा टी म्हणजे ट, मोठा डी म्हणजे ड, मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ, आणि लांब 'आ'साठी दोन ए. हे पाच नियम फ्रिजवर चिकटवून ठेवा. अरब मुलांचे तीन आणि सात आहेत, तसे आपले हे पाच.

छोट्या दोस्तांनो, या शब्बाथनंतर आजी-आजोबांजवळ बसा. त्यांना ळ असलेले पाच शब्द विचारा: बाळ, नारळ, पोळी, डोळा, आणि पाचवा तुम्ही शोधा. ते फोनवर लिहा, मग मोठ्याने वाचून दाखवा. आजी मान डोलावून "बरोबर" म्हणाली की झाले. तिची मान दुखत नसली म्हणजे!

आणि मोठ्या वाचकांनो, दुखणे कळवताना घाई नको. कुठे दुखते, कधीपासून, डावीकडे की उजवीकडे, हे स्पष्ट लिहा. लिहिता येत नसेल तर सरळ फोन करून बोला. पुढच्या अंकापर्यंत प्रकृतीला जपा.