परसबाग : ऑर्किडला औषधाआधी वारा द्या

मृग लागला की आमच्या बेळगावात तुळशीपासून जास्वंदीपर्यंत सगळ्या झाडांना उधाण येतं. एकटं ऑर्किड मात्र याच दिवसांत आजारी पडतं. गेल्या पंधरवड्यात तिघी वाचक भगिनींनी एकच तक्रार सांगितली, "ताई, पानं काळी पडून गळताहेत. कुठलं औषध मारू?" औषधाचं नाव सांगण्याआधी माझी फजिती सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंनी म्हापशाच्या बाजारातून हौसेनं आणलेलं जांभळ्या फुलांचं डेंड्रोबियम त्यांच्या पश्चात मी सांभाळत होते. त्याच्या जोडीला आणखी आठ कुंड्या झाल्या होत्या. पावसाची झड लागली आणि कुंड्या पागोळ्यांखालीच राहिल्या. आठवड्याभरात सासूबाईंच्या झाडाचा बुंधा काळा पडून लिबलिबीत झाला. माझं माहेर सत्तरीतलं, सुपारीच्या कुळागराचं. कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. दादाकडून मोरचूद आणि चुना मागवला, मिश्रण केलं, फवारलं. आणि एकाच कात्रीनं नऊही कुंड्यांची डागाळलेली पानं छाटली. महिन्याभरात सहा झाडं गेली.

नंतर चूक उमगली. सुपारीचा कोळेरोग फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो, आणि ऑर्किडची काळी कूजही बहुधा त्याच्याच कुळातली. तेव्हा विचार अगदीच वेडगळ नव्हता. पण मोरचुदात तांबं असतं, आणि डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही. कात्रीनं तर मीच रोग एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत पोचवला.

मुळात दुखणं होतं साचलेल्या पाण्याचं. चोर्ल्याच्या घाटातली सीतेची वेणी आठवा. झाडाच्या फांदीवर असते म्हणून लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती त्या झाडाचा रस शोषत नाही. तिला फक्त आधार हवा असतो. मुळं वाऱ्यावर लोंबतात. पाऊस पडला की भिजतात आणि उघडीप मिळाली की सुकतात. मुळांवरचं पांढरट, स्पंजासारखं आवरण पाणी चटकन टिपून घेतं. अशा मुळांना मातीत किंवा निचरा नसलेल्या कुंडीत कोंडलं, तर ती गुदमरतात आणि मग कूज शिरते. म्हणून लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरा, कुंडीला भरपूर भोकं ठेवा. मुळं हिरवी दिसली तर ती ओली आहेत, रुपेरी झाली की पाणी द्या. झडीच्या दिवसांत पाणी देऊच नका. कुंड्या छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी एकमेकींपासून लांब ठेवा.

काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी ते झाड बाजूला काढा. डागाच्या पलीकडचा थोडा निरोगी भागही घेऊन कापा. प्रत्येक झाडासाठी दाढीचं नवं पातं घ्या, नाहीतर कात्री दर वेळी ज्योतीवर तापवून घ्या. पानाच्या कापावर दालचिनीची पूड दाबा, मुळांना मात्र लावू नका, ती सुकतात. कूज वाढतच असेल, तर कृषी सेवा केंद्रात फोसेटिल-ॲल्युमिनियम असलेलं बुरशीनाशक मागा आणि पाकिटावरचं प्रमाण पाळा.

आता किडी. पानाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, पानामागे तपकिरी खवले दिसले तर खवले कीड. दोन्हींच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की पान उलटून पाहा. सर्जिकल स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं किडी पुसून घ्या आणि आठवड्यानं पुन्हा पुसा. एकदा पुसून भागत नाही, कारण पिल्लं मागे राहतात. पावसाळ्यात मुळांचे कोवळे शेंडे आणि कळ्या गायब होऊ लागल्या, तर गोगलगायींवर संशय घ्या. रात्री कुंडीजवळ काकडीची चकती ठेवा, पहाटे तिच्याखाली जमलेल्या गोगलगायी उचला. उन्हाळ्यात पानं मागून रुपेरी, खरबरीत दिसली तर तो कोळी. त्यासाठी पानं पाण्यानं दोन्ही बाजूंनी धुवा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

एका दुखण्याला मात्र इलाज नाही. पानांवर खोलगट काळे पट्टे किंवा वर्तुळं, फुलांवर वेडेवाकडे रंग असे दिसलं, तर विषाणूचा संशय धरा. विषाणू कापण्याच्या हत्यारांवरून पसरतो, म्हणून पात्याचा एवढा आग्रह. असं झाड कितीही लाडकं असलं तरी ठेवू नका.

सासूबाईंचं झाड वाचलं नाही. पण त्याच्या एका जुन्या कांडीच्या शेंड्यावर, कुजीपासून दूर, मुळांसकट एक पिलू आलं होतं. ते नव्या पात्यानं कापून कोळशात लावलं. यंदा गौरी-गणपतीच्या वेळी त्याला पहिला जांभळा तुरा आला, आणि घरातल्या साऱ्यांना त्यांची आठवण झाली.

तेव्हा भगिनींनो, औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक काम करा. तुमच्या कुंड्या पागोळ्यांखाली तर नाहीत ना, एवढं आजच पाहा.