दुखणं त्याचं, आकडा कुणाचा?

पोटाचं ऑपरेशन होऊन एकच दिवस झालेले दोन पेशंट आहेत, दोघंही २५ वर्षांचे. एक भेटायला आलेल्या माणसाशी हसत-खिदळत बोलतोय. दुसरा गप्प पडलाय, कूस बदलताना त्याचं तोंड वाकडं होतं. ० ते १० मध्ये किती दुखतंय, असं विचारल्यावर दोघंही ८ सांगतात. चार्टवर तुम्ही काय लिहाल?

हा प्रश्न बेटी फेरेल आणि मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकांच्या प्रश्नावलीतला आहे. १९८७ मध्ये तयार झालेली ही प्रश्नावली नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वेदनेबद्दल काय माहीत आहे आणि काय वाटतं, हे तपासायला अनेक देशांत वापरतात. बरोबर उत्तर दोघांसाठीही ८ असंच आहे. तरीही हसणाऱ्याच्या नावापुढे कमी आकडा लिहिणारे विद्यार्थी ठिकठिकाणी सापडतात. पेशंट सांगेल तेच दुखणं, हे मॅकॅफरीबाईंनी १९६८ मध्येच मांडलं होतं.

माझ्या मते इथे माहितीपेक्षा विश्वास कमी पडतो. माहिती पुस्तकातून भरून काढता येते. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे, हे एका तासात शिकवता येतं. अशी औषधं रुग्णांना मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला. पण ‘एवढंसं दुखलं तर ओरडतेस काय’, ‘बाईच्या जातीनं सोसायचंच असतं’, ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?’ हे आपण घरातून शिकून येतो, आणि युनिफॉर्म घातला म्हणून ते विसरत नाही. मग जो सोसतो तो शहाणा आणि जो मागतो तो नाटकी ठरतो. खरं दुखतंय का ते बघायला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन देऊन पाहावं, असा समजही यातूनच येतो. तसं इंजेक्शन देऊन बरं वाटलं, तरी दुखणं खोटं होतं असं सिद्ध होत नाही. पेशंटची फसवणूक मात्र होते.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती आपल्या मंडळाच्या अंगणातली आहे. बेळगावच्या दवाखान्यांत खानापूर, चंदगडकडची माणसं येतात. ० ते १० हा हिशेब खेड्यातल्या आजीला पटकन कळत नाही. पण तिच्याकडे शब्द केवढे आहेत! ठणका, कळ, चमक, ठसठस, जळजळ, रग, मुंग्या. हे शब्द म्हणजे नुसती बोलीची शोभा नव्हे. थांबून थांबून येणारी कळ आतड्याची किंवा मूतखड्याची असू शकते. जळजळ, चमक, मुंग्या एकत्र आल्या, तर नस दुखावल्याची शंका घ्यावी लागते, आणि तिथे नेहमीची वेदनाशामकं फारशी चालत नाहीत, वेगळी औषधं लागतात. चार्टवर नुसतं ‘पेन’ लिहिलं की हे सगळं पुसून जातं. आणि ती नर्स कन्नड किंवा मल्याळी असेल, तर तिला हे शब्द सांगणार कोण?

म्हणून मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. यंदा काव्यवाचन, निबंध स्पर्धा करूच. सोबत दुखण्याच्या शब्दांची एक छोटी वही करूया. मराठी शब्द, शेजारी कन्नड शब्द आणि साधा अर्थ. शब्द आपापल्या आजी-आजोबांना विचारा, अर्थ नर्सिंगच्या मैत्रिणींकडून तपासून घ्या, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी वॉर्डात जाण्याआधी वही त्यांच्या हातात द्या.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र एकच ओळ हवी: आधी विचारा, मग सांगतील ते खरं माना.