मुख्याध्यापकांना हसते कोण?

आमच्या ओळखीच्या, साठी ओलांडलेल्या कितीतरी मंडळींचा वाढदिवस १ जूनला असतो. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या भागांत स्थिरावलेली, बँकांतून नि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली ही माणसे एकमेकांना त्या दिवशी शुभेच्छा देतात आणि मिश्किल हसतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे हा आपल्याकडे कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांचा दिवस होऊन बसला. या सामुदायिक जन्माचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली, की तो ‘मोठा पूर आला त्या साली’ असे काहीतरी सांगे. मुख्याध्यापक पोराकडे एकवार पाहत, मनाशी हिशेब करत आणि जून महिन्यात शाळा उघडताना वय पुरे भरेल अशा बेताने दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. आमच्या दोन पिढ्यांची जन्मतारीख अशी त्यांच्या टाकाने ठरली. एखाद्याचे नशीब सटवी लिहिते म्हणतात. तारीख मात्र गुरुजी लिहीत.

या गृहस्थाचे आमच्या साहित्याने काय केले, हा प्रश्न आम्हाला गेली काही वर्षे सतावतो आहे. सोपे उत्तर असे की, त्याला हसण्यावारी नेले. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या त्रयीच्या कथाकथनाने मराठी श्रोत्याला ग्रामीण विनोदाची गोडी लावली. उपनगरांतल्या सभागृहांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि पुढे ध्वनिफितींतून हा विनोद घरोघर पोचला. पाराची, चावडीची आणि शाळेची गंमत ऐकून हसणारे श्रोते बहुधा त्याच शाळांतून शिकून इकडे आलेले असत. त्यांच्या हसण्यात सुटकेचा एक सुस्कारा मिसळलेला असे, असे आम्हाला वाटते. ज्या गावातून आपण निसटलो, ते गाव हास्यास्पद आहे हे कळले म्हणजे निसटल्याची टोचणी कमी होते. (आमच्याही घरी त्या ध्वनिफिती होत्या, आम्ही कोणी निराळे नव्हतो.)

मात्र सगळ्या हसण्याला एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. पु. ल. देशपांडे हे खरे तर उपनगराचेच लेखक: बालपण जोगेश्वरीत, शिक्षण पार्ल्याच्या टिळक विद्यालयात. ‘व्यक्ती आणि वल्ली’तले त्यांचे चितळे मास्तर हसवतात, पण तिथे हसणारा बाकावर बसलेला आहे आणि मास्तरांचे ऋण त्याच्या डोक्यावर आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तर हसण्याची दिशाच उलटी होते. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर शिकवण्यापेक्षा पत्रे लिहिणे, भांडणे मिटवणे, तालीम बांधून घेणे यांतच अधिक गुंततो. गाव त्याला पोर समजून आजमावते आणि हळूहळू पोटाशी धरते. तिथली शाळा ही वाडीच्या संसारातली एक खोली आहे. एकशिक्षकी शाळेचा तो मास्तर म्हणजे स्वतःच स्वतःचा मुख्याध्यापक!

आता प्रत्यक्षाकडे पाहू. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेला मुख्याध्यापकाचे वेगळे पद मिळायला दीडशेहून अधिक पट लागतो. गावोगावच्या दोनशिक्षकी शाळांत म्हणून ज्येष्ठ गुरुजींकडे ‘प्रभार’ येतो. दोघांच्या शाळेत एक साहेब आणि एक कर्मचारी. साहेबाने काढलेली सूचना कर्मचाऱ्याने वाचून सही करायची. मग दोघांनी मिळून वर्ग झाडायचा. साहेब रजेवर गेला, की कर्मचारी साहेब होतो आणि चार वर्ग एकाच फळ्यापुढे बसवतो. दुपारी खिचडीचा हिशेब. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ. उपस्थिती ३८ असेल तर ३ किलो ८०० ग्रॅम. त्यात डाळ, तेल, हळद, मोहरी यांची ग्रॅमांतली नोंद, आणि रिकाम्या बारदानाची वेगळी. हजेरी, साठा नोंदवही, आवक-जावक, शेरेबुक, कीर्द ही जुनी दप्तरे होतीच. त्यांवर २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली आणि दप्तर संगणकात शिरले. पुढे आधारची पडताळणी झालेल्या मुलांवरच शिक्षकांची पदे ठरू लागली. दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्‍वार’ असलेला पोरगा समोर खिचडी खात असतो, पण सरकारदरबारी तो अजून जन्मलेला नसतो. एकेकाळी जन्मतारीख बहाल करणारा हा माणूस आता मुलाच्या नावातला एक काना काढून घ्यायला तालुक्याच्या गावी खेटे घालतो.

विनोद इथे आहे. तो गुरुजींच्या टोपीत, छडीत किंवा बोलीत फारसा नाही. आमच्या मते हे पहिल्यांदा नेमके ओळखले ते रमेश इंगळे उत्रादकर यांनी, ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीत. बुलढाण्याकडचा, स्वतः शिक्षकी पेशातला हा लेखक. त्याची कादंबरी काढली ती बोरिवलीच्या ‘शब्द’ प्रकाशनाने. साक्षरता मोहिमेच्या कागदी घोडदौडीत सापडलेले मुख्याध्यापक आणि त्यांचे शिक्षक या कादंबरीत वाचकाला पोट धरून हसवतात. वर्ग भरतात ते कागदावर, निरक्षर साक्षर होतात तेही कागदावर. मात्र लेखक गुरुजींना विदूषक करीत नाही, हुतात्माही करीत नाही. ते लबाडी करतात, कारण वरून आलेल्या तक्त्याचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. आणि ती लबाडी ते इतक्या प्रामाणिक कष्टाने करतात की तेवढ्या कष्टात चार माणसे खरोखर शिकली असती. पुढे या कादंबरीवर चित्रपटही आला, पण पडद्यावर प्रसंग दिसतात. तक्त्यांचा आणि परिपत्रकांचा गद्यातला तो कोरडा ठसका तिथे कसा यावा?

कुणी म्हणेल, ती गोष्ट जुन्या मोहिमेची. तसे नाही. शिक्षणहक्क कायद्याचे २७वे कलम सांगते, की जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपू नये. हे कलम असतानाच २०२३ साली नवभारत साक्षरता कार्यक्रमासाठी निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम गुरुजींकडे आले. शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला, तरी मार्च २०२४ मध्ये राज्यभर परीक्षा पार पडली. कादंबरीतला विनोद असा वास्तवाच्या पुढे पंचवीस पावले उभा राहून वाट पाहत असतो.

काही वर्षांपूर्वी एका उपनगरी महाविद्यालयात या कादंबरीतला काही भाग आम्ही पदवीच्या वर्गात वाचून दाखवला. वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तेवढा हसला नाही. त्याचे वडील मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक. तास संपल्यावर तो म्हणाला, “सर, आमच्या घरी हे रोज रात्री जेवताना चालतं. बाबा सांगतात आणि आई हसते. बाबा पण हसतात. पण इथं सगळे हसले तेव्हा मला कसंतरी झालं.” आम्ही त्याला विनोदाच्या स्वरूपाविषयी काहीबाही सांगितले. ते पुरेसे नव्हते, हे त्याच्याही लक्षात आले असावे. आई हसते ती तांदळाचे ग्रॅम तिलाही पाठ आहेत म्हणून. वर्ग हसला तो कशाच्या बळावर? आणि ज्यांनी तो उतारा निवडला, त्या आम्ही आमची मुले कुठल्या माध्यमाच्या शाळेत घातली, हे त्याने विचारले नाही, ही त्याची सभ्यता.

गेल्या काही वर्षांत उपनगरातले मराठी शाळांचे मुख्याध्यापकही गावाकडच्या गुरुजींसारखेच दिसू लागले आहेत. तीच पटाची धास्ती, तीच पडताळणी, तेच तक्ते. परवा एप्रिलमध्ये आमच्याच इमारतीच्या फाटकाशी एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या, हातात प्रवेशाची पत्रके, सोबत एक शिक्षिका. इथे पूर्वी चाळ होती तेव्हा त्या थेट दारापर्यंत येत. आता मनोऱ्याला पहारेकरी आहे. त्याने वही पुढे सरकवली. बाईंनी सवयीच्या वळणदार अक्षरात नाव, वेळ, दूरध्वनी असे रकाने भरले. ‘कोणाकडे जायचे’ या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. पहारेकऱ्याने दोनदा विचारले, “मॅडम, कौनसा फ्लॅट?”