आपलेच पैसे, अर्धंच व्याज

इन्कम टॅक्स हा शेठजींचा विषय, असं चळवळीतल्या बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून आपण त्यावर बोलत नाही. पण भिवंडीत जरा फिरून बघा. व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणणारा लहान यंत्रमागवाला असो की गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेणारा वस्तीतला तरुण, त्याच्या बिलातून टीडीएस म्हणून एक टक्का आधीच कापला जातो. वर्षाची कमाई करपात्र नसली तरी कापला जातो. तो परत हवा असेल तर रिटर्न भरायचा आणि रिफंडची वाट बघायची. म्हणजे गरिबाने आधी सरकारला उसने द्यायचे आणि मग मागत बसायचं.

आता हिशेब बघा. आपण कर उशिरा भरला तर व्याज महिन्याला एक टक्का. सरकारने रिफंड उशिरा दिला तर अर्धा टक्का. उशीर दोघांचा, पण आपला उशीर दुप्पट महाग! ही विषमता कुठल्या बाबूने केलेली नाही, ती कायद्यातच लिहिलेली आहे.

आणि जाब विचारायचा कोणाला? रिटर्नची छाननी बंगळुरूच्या केंद्रात संगणकावर होते. तिथल्या खिडकीवर भिवंडीचा मजूर जाऊन उभा राहू शकत नाही. तक्रारी ऐकण्यासाठी २००३ साली आयकर लोकपाल आले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती संस्थाच रद्द केली. पुढच्या वर्षी, १३ ऑगस्ट २०२० ला, करदात्यांची सनद जाहीर झाली. तीत वेळेत निर्णय देण्याचं वचन आहे. ऐकणारा आधी काढून घेतला, वचन नंतर दिलं.

संविधानाचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावताही येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. मग जो कर देणं लागतच नाही, तो महिनोन् महिने अडकवून ठेवणं कशात बसतं? बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ चा. त्याच काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. त्यांनी कर आणि हिशेब परका मानला नाही. आपण का मानायचा?

कार्यकर्त्यांनो, रिटर्नची मुदत संपण्याआधी दोन रविवार विहारात टेबल टाका. कापलेला कर फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का, ते आधी तपासा. मालकाने कापून भरलाच नसेल, तर तेवढ्या कराची वसुली पुन्हा मजुराकडून करता येत नाही, हे त्याला सांगा. जुन्या थकबाकीत रिफंड वळवण्याआधी खात्याने लेखी कळवलं पाहिजे, हेही सांगा. बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्या. तरी रिफंड अडकला तर ऑनलाइन तक्रार करा, तिचा क्रमांक जपून ठेवा. तेवढ्यानेही हललं नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

एकेकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. पन्नास जणांचे क्रमांक एका वहीत असले की खासदाराला त्यावर संसदेत प्रश्न विचारायला लावता येतो. मागण्याही दोनच : व्याजाचा दर दोन्ही बाजूंना सारखा करा आणि आयकर लोकपाल परत नेमा.

जयभीम!