उसनी उदासी

जुनी दफनभूमी दिसली की आपल्या साहित्यप्रेमी मनाला तत्काळ उदास व्हावेसे वाटते. ही उदासी आपली नव्हे. ती पाठ्यपुस्तकातून उचललेली आहे. थॉमस ग्रेची १७५१ची विलापिका आपल्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, कास्पार दाविद फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराचे भग्न मठ आपण छापील पानांवर पाहिले, आणि कबर म्हणजे मावळता प्रकाश, पडकी भिंत व 'सारे नश्वर' हा उसासा, असे समीकरण पक्के झाले. हेच समीकरण वहीत घेऊन आपण मुरूडजवळच्या खोकरीला जातो, तेथील तीन घुमट रेखाटतो आणि माणसे वगळून आभाळ गडद करतो. माझा आक्षेप आहे तो या वगळण्याला.

खोकरीला कोण निजले आहे? जंजिऱ्याचे सिद्दी सुरूलखान, याकूतखान आणि खैरियतखान. मुळे आफ्रिकेतली, हुकमत या किनाऱ्यावरची. याच याकूतखानाने १६८९ साली मुंबईवर चालून जाऊन इंग्रजांना किल्ल्यात कोंडले होते. कोलाबा व जंजिऱ्याच्या १८८३च्या गॅझेटियरनुसार सुरूलखानाची वास्तू त्याच्या हयातीतच उभी राहिली. थडग्यांच्या देखभालीसाठी गावे लावून दिलेली होती. दर गुरुवारी तेथे कुराणपठण होई. स्वतःची कबर जिवंतपणी बांधून घेणारा माणूस मरणाकडे उसासा म्हणून पाहत नाही, करावयाचे एक काम म्हणून पाहतो. आपल्या रेखाटनात त्या गुरुवारांना जागा आहे काय?

कोणी म्हणेल, मृत्यू सार्वत्रिक आहे. नावागावाचा आग्रह कशाला? हीच तर सोयीची पळवाट आहे. मराठ्यांच्या इतिहासात सिद्दी हा वैरी. वैऱ्याच्या थडग्यापाशी 'राजा काय, रंक काय' असे पुटपुटणे सोपे असते. त्याचे नाव वाचणे, तोही याच मातीचा झाला हे मान्य करणे अवघड असते. सार्वत्रिक उदासी आपल्याला त्या अवघड कामातून अलगद सोडवते.

आणि ज्याचे उसने घ्यायचे त्याला तरी आपण नीट पाहिले आहे का? फ्रीडरिखच्या १८०९-१० मधील ओकवनातल्या मठाच्या चित्रात, तळाच्या अंधारात, मठवासी शवपेटी वाहून नेत आहेत. भिंती पडल्या तरी अंत्यविधी चालू आहे! शिवाय तो एल्डेनाचा मठ त्याच्या जन्मगावाजवळचा. आणि १७८७ साली त्याचा भाऊ बर्फ फुटून पाण्यात बुडाला होता. त्याची उदासी कमावलेली होती. आपण त्याचे धुके तेवढे उचलले, खांदेकरी तिथेच सोडून दिले.

याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला, गलबत फुटून मेलेल्या पूर्वजांना पुरले अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. त्या समाजाच्या आठवणीत ते दफनस्थान शेवटाची नव्हे, आरंभाची खूण आहे. कबरीकडे असेही पाहता येते, हे आमच्या एकाही टिपणवहीत नाही.

उदास होऊ नका, असे मी म्हणत नाही. पण आधी थडग्यावरचे नाव वाचा, तेथे दिवा कोण लावत असे ते विचारा, आणि मग पेन्सिल उचला. त्यानंतरही आभाळ गडद करावेसे वाटले, तर खुशाल करा. ती उदासी तुमची असेल.